यण्णीमज्जन ते मसाज टेबल: सोलापुरातल्या मालिशची पार्श्वभूमी

१३ जानेवारीला सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तेलाने न्हाऊ घालत शहरभर फिरतात. या विधीला आपण यण्णीमज्जन म्हणतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडायच्या असतात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागायचं असतं, म्हणून आदल्या दिवशी तेल. हा शब्द मी लहानपणापासून गड्ड्याच्या, म्हणजे या जत्रेच्या, गर्दीत ऐकत आले, पण त्याचा अर्थ कळला तो चाळिशीत, मान अवघडून एका फिजिओथेरपिस्ट ताईंच्या टेबलावर पालथी पडले होते तेव्हा. त्या अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. खांद्यावर तेलाचा हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "एण्णे म्हणजे तेल, मज्जन म्हणजे आंघोळ. आपल्या गावची जत्राच तेलाच्या आंघोळीने सुरू होते की!"

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मैत्रिणी, शेजारणी, ऑफिसातल्या बायका मला विचारत राहतात: तिथे नक्की करतात काय, कपडे काढावे लागतात का, दुखतं का, खरंच गुण येतो का. या प्रश्नांची उत्तरं मालिशच्या इतिहासात दडलेली आहेत.

तेल लावण्याची सर्वात नेमकी कारणमीमांसा मला चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, तिच्या सूत्रस्थान या भागात सापडते. तिथे तीन उपमा आहेत: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. या तिन्ही वस्तू तेलाने चिवट होतात, झीज सोसतात, शरीराचंही तसंच. कुंभाराला, गाडीवानाला चटकन पटावं असं हे बोलणं आहे. वाग्भट या दुसऱ्या आयुर्वेदाचार्याने अष्टांगहृदय या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, करावा, त्याने म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतो, असं सांगितलं. डोकं, कान आणि तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती लगेच पुढे येणारी ओळ. कफाने ग्रासलेल्याला, नुकतंच शोधन (वांती-जुलाबाने शरीरशुद्धी) झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला अभ्यंग करू नये, असं तो बजावतो. म्हणजे तेल कुणाला लावायचं याच्या जोडीनेच कुणाला लावायचं नाही, हेही सांगून ठेवलेलं आहे. मालिश करणाऱ्याची खरी विद्या इथे आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढचा सगळा इतिहास मी त्याच नजरेने वाचते.

आपल्या भागाचा पुरावा हवा असेल तर कल्याणीच्या चालुक्यांकडे जावं लागतं. सोलापूर त्यांच्याच राज्यात होतं. राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास हा ग्रंथ ११२९च्या सुमाराचा, आणि त्यात राजाच्या उपभोगांमध्ये सुवासिक तेलाच्या स्नानाला स्वतंत्र स्थान आहे. मल्लांच्या कुस्तीवरही त्यात प्रकरण आहे.

राजवाड्याबाहेर हीच विद्या तीन प्रकारच्या हातांनी जपली. पहिला हात नाभिकाचा. हजामतीनंतरची चंपी, मानेवरची थाप, खांदे दाबून देणं. दुसरा हात तालमीतला. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं सोलापूरकराला पाठ असतात. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली लाल माती, जोर-बैठका, आणि मेहनतीनंतर एका पोराने दुसऱ्याची पाठ रगडायची ही पद्धत. कोणत्या पोराला आज रगडायचं आणि कोणाला नुसतं निजू द्यायचं, हे वस्ताद चेहऱ्यावरून ओळखायचा.

तिसरा हात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईचा, आणि माझ्या मते सगळ्यात हुशार हात तोच. माझ्या धाकट्याच्या वेळी जी मावशी यायची ती जमिनीवर पाय लांब करून बसायची, बाळाला दोन्ही नडग्यांवर पालथं घालायची आणि वाटीतलं कोमट तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची. मग कमरेपासून टाचेपर्यंत एकच लांब हात. बाळ रडायला लागलं की तिचा दाब कमी व्हायचा, वेग नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना १० दिवस, दिवसातून ३ वेळा, १५-१५ मिनिटं मालिश दिली, त्यांचे हातपाय हलवले. ती बाळं इतर बाळांपेक्षा दररोज ४७ टक्के जास्त वजन धरत होती आणि सरासरी ६ दिवस आधी घरी गेली. आमच्या मावशीला हा आकडा माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण दाब कधी कमी करायचा हे तिला पक्कं माहीत होतं. एक गोष्ट मात्र जुनी म्हणून चालवून घेऊ नका: बाळाच्या नाकात-कानात तेल सोडणं. ते डॉक्टर नको म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे.

या तिन्ही हातांना गावाने बलुतं दिलं, धान्य दिलं, लुगडं-चोळी दिली. मान मात्र दिला नाही. जातीच्या उतरंडीत 'अंगाला हात लावण्याचं काम' खालचं ठरलं आणि एवढं मोठं शहाणपण कुठेही लिहिलं गेलं नाही. आज 'मसाज' म्हटलं की आपण जे अवघडतो, त्याचं मूळ काही अंशी यातही आहे.

मग सोलापूर गिरणगाव झालं. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, हातमाग आणि नंतर यंत्रमाग आले. एखाद्या गावच्या कामाचा शिक्का गावकऱ्यांच्या शरीरावर कसा उमटतो हे बघायचं असेल तर सोलापुरात यावं. मागावर तासन् तास उभं राहून वाकून तुटलेला तार सांधायचा, की मान आणि पोटऱ्या धरतात. शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात: मांडीवर सूप, मान खाली, एका हाताने पान गुंडाळायचं, नखाने तोंड दाबायचं, दोरा बांधायचा, दिवसाला हजारभर वेळा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात, दोन खांद्यांच्या मधोमध जे दुखणं बसतं ते पेनकिलरने रात्रीपुरतं जातं आणि सकाळी सुपाबरोबर परत येतं. सोलापुरात मालिश ही चैन आहे असं कुणी म्हटलं की मला या बायका आठवतात.

इकडे हे चालू असताना आपलीच विद्या समुद्रापार जाऊन वेगळं नाव घेऊन आली. शाम्पू हा शब्द हिंदीतल्या 'चाँपो'वरून, म्हणजे 'दाबा, चेपा' यावरून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महोमेद यांनी १८२०च्या दशकाच्या तोंडावर ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेची न्हाणीघरं काढली. औषधी वाफ आणि मग अंग चेपणं. संधिवाताचे रुग्ण तिथे रांगेने यायचे, आणि पुढे चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांसाठी त्यांची नेमणूक झाली.

आज ज्याला सगळे स्वीडिश मसाज म्हणतात तो ज्या हातांनी बांधला ते हात स्वीडनचे नव्हतेच. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली, त्यामुळे श्रेय तिकडे गेलं. लांब हात फिरवणं, मळणं, घासणं, थापट्या मारणं या प्रकारांची फ्रेंच नावं रूढ केली ती ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेझगर यांनी. आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशीचा लांब हात आणि त्यांचा पहिला प्रकार यात मला तरी फरक दिसत नाही.

व्यवसाय म्हणून मालिशची खरी परीक्षा लंडनमध्ये १८९४ साली झाली. मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, असं तिथल्या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकाही संशयात आल्या. चार परिचारिकांनी मिळून संस्था काढली: शिक्षण, परीक्षा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रुग्ण घ्यायचा नाही, असे कडक नियम. पुढे त्याच संस्थेतून ब्रिटनची फिजिओथेरपीची अधिकृत संस्था उभी राहिली. म्हणजे आज ज्या शंकेने आपण मसाज सेंटरची पाटी वाचतो, तीच शंका सव्वाशे वर्षांपूर्वी त्या बायकांनी अंगावर घेतली आणि नियम करून तिला उत्तर दिलं. भारतात हे शिक्षण पोलिओच्या साथीनंतर १९५३च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. फिजिओथेरपिस्टसह अनेक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा यायला मात्र २०२१ उजाडावं लागलं.

आता टेबलावर काय होतं ते सांगते. माझ्या पहिल्या भेटीतली सुरुवातीची १५ मिनिटं ताईंनी मला हातही लावला नाही. बीपी आहे का, शुगर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, ऑपरेशन कुठलं झालंय, पाळी, गरोदरपण, झोप, काम कसलं, दिवसातले किती तास बसून. मग मान इकडे वळवा, तिकडे वळवा, हात वर करा. हे प्रश्न न विचारता कुणी थेट "झोपा" म्हणालं तर उठून घरी यावं. टेबलाला चेहऱ्यापुरतं भोक असतं. अंगावर टॉवेल असतो (आमच्याकडे अर्थातच सोलापुरी), आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा असतो. नको असेल तर कपडे अंगावर ठेवूनही काम होतं. स्त्री थेरपिस्ट हवी असं सांगण्यात संकोच करायचा नाही. दाब किती वाटतोय हे त्या मधूनमधून विचारतात, आणि "इथे नको" म्हटलं की हात थांबला पाहिजे. अर्धा ते एक तास जातो. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं, एक-दोन दिवसांत जातं. त्याहून जास्त दुखलं तर दाब चुकला, तसं फोन करून सांगायचं.

गुण कितपत येतो? २०११ मध्ये सिॲटलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ४०१ लोकांवर अभ्यास झाला. आठवड्याला एक अशा १० मालिश घेतलेल्यांचं दुखणं आणि हालचाल नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरीच सुधारली. वर्षाअखेरीस मात्र तो फरक बराचसा ओसरला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने नव्या कंबरदुखीला गोळीआधी करून बघायच्या उपायांत शेकाबरोबर मालिशही घेतली. कॅनडात २०१२ मध्ये ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावून एका मांडीला १० मिनिटं मालिश दिली. त्या मांडीच्या स्नायूंतली दाहाची खूण कमी दिसली, पण लॅक्टिक ॲसिडमध्ये काहीच फरक नव्हता. तेव्हा "मालिशने ॲसिड निघून जातं, विष बाहेर पडतं" ही वाक्यं जिथे ऐकाल तिथे सावध व्हा. मिळतो तो आराम खराच असतो. दुखणं काही काळ हलकं होतं, झोप लागते, आखडलेली मान वळते. तेवढ्या अवधीत व्यायाम सुरू केला तर तो टिकतो.

आणि आता वाग्भटाची ती दुसरी ओळ. माझ्या मामांच्या पायाचं प्लास्टर निघालं आणि आठवडाभरात पोटरी सुजली. घरी येऊन मालिश करणाऱ्या एका माणसाने दोन दिवस ती गरम तेलाने रगडली. काही विचारलं नाही, काही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ताईंना घेऊन गेले. त्यांनी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून नुसत्या पाहिल्या, तळहाताची मागची बाजू टेकवून गरमपणा बघितला आणि म्हणाल्या, "याला तेल लावायचं नाही. आत्ता सोनोग्राफीला चला." पायाच्या शिरेत गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर मामांच्या जिवावर बेतलं असतं. त्या दुपारचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एकाच पायाला अचानक आलेली सूज, ताप, ताजं मुरगळणं, हाड मोडल्याचा संशय, त्वचेवर गळू किंवा पुरळ, पायांत बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर गरम तेलाचा चटका कळतही नाही, हे घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगा.

आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशींना मी गेल्या वर्षी ताईंकडे नेलं. त्यांनी वीसेक मिनिटं अंगठ्याचं बूड आणि खांदे मोकळे केले, पण त्याआधी मावशींना फरशीवर सूप घेऊन बसवलं आणि रिकाम्या हातांनी विडी वळून दाखवायला लावली. मग पाठीला भिंत, सुपाखाली पाट, आणि शंभर विड्या झाल्या की उठायचं, असं ठरलं. मावशी आता चार कट्टे, म्हणजे शंभर विड्या, झाले की उंबऱ्यापर्यंत जाऊन येतात, मनगटं फिरवतात, परत बसतात. "चाळीसेक विड्या कमी होतेत," त्या म्हणतात, "पण रात्री हात दुखूलालाय म्हणून उठून बसायचे, ते बंद झालंय."