पिकाने न घेतलेले नत्र

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असला, तरी त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू आणि काही प्रमाणात आकाशातली वीज हे बंध तोडतात. शेणखताने मिळे ते याच नत्राचा फेरवापर होता.

एकोणिसाव्या शतकात पेरूच्या बेटांवरील पक्ष्यांची विष्ठा आणि पुढे चिलीचा सोरा (नत्रयुक्त क्षार) खतासाठी जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागला. १८९८ मध्ये विल्यम क्रुक्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने, हवेतले नत्र वापरण्याची युक्ती सापडली नाही तर गव्हाचा तुटवडा पडेल, असा इशारा दिला. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाबाखाली नत्र आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्यात उतरवल्यावर १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाउ येथे उत्पादन सुरू झाले. पहिल्या महायुद्धात या अमोनियापासून स्फोटके बनली. अमोनियापासून बनणाऱ्या खताचा वापर झपाट्याने वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आज जगातील जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या खतावर अवलंबून असल्याचा अंदाज आहे, म्हणून त्याला सरसकट दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न आहे तो पिकाने न घेतलेल्या नत्राचा. जगभराचा हिशेब केला तर शेतात घातलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपासच पिकात उतरते. उरलेल्यातले बरेचसे नायट्रेटच्या रूपात पाण्यात विरघळून ओढ्यानाल्यांतून वाहत जाते. संथ पाण्यात आधी काठाशी हिरवा थर धरतो, मग शेवाळ इतके माजते की खाली ऊन पोचत नाही. ते मरून तळाशी बसले की कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि पहाटेच्या सुमारास मासे श्वासासाठी तोंडे उघडून वर येऊ लागतात. मिसिसिपीच्या मुखापुढे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा प्राणवायूहीन पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. शिवाय मातीतले जीवाणू थोड्या नत्राचे नायट्रस ऑक्साइड करतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो.

युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये नायट्रेटविषयी निर्देश काढला आणि प्रदूषणप्रवण भागांत शेणखतातून जाणाऱ्या नत्रालाही मर्यादा घातली. परंतु जमिनीखालचे पाणी असे आदेश लगेच मानत नाही. नायट्रेट झिरपत भूजलापर्यंत जायला काही ठिकाणी दशके लागतात, त्यामुळे खत आवरते घेतल्यावरही विहिरीच्या पाण्यात उतरणारे नायट्रेट मागच्या पिढीने त्या शेतात टाकलेल्या खताचे असू शकते.