कोनाचे त्रिभाजन: दावा कसा तपासावा

पट्टी आणि कंपास वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करून दाखवतो, असे म्हणणारा हौशी गणिती आजही हमखास भेटतो. त्याला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक म्हणजे ‘हे अशक्य आहे, वेळ घालवू नका’ आणि दुसरे म्हणजे नुसते हसणे. दोन्हींचा उपयोग होत नाही, कारण त्याच्यासमोर कागदावर 60 अंशांच्या कोनाची आकृती असते आणि कोनमापक 20 अंश दाखवत असतो. वास्तविक असा दावा तपासायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि त्यासाठी लागणारे गणित बहुतेक शाळेतलेच आहे.

आधी नियम पाहू. पट्टीवर खुणा नसाव्यात. तिचा उपयोग दोन बिंदूंमधून रेषा काढण्यापुरताच. कंपासने, केंद्र आणि वर्तुळावरचा एक बिंदू माहीत असेल तर वर्तुळ काढायचे. नवा बिंदू फक्त रेषा-वर्तुळांच्या छेदातून मिळवायचा. पायऱ्या मोजक्या असाव्यात आणि कोन कुठलाही दिला तरी कृती तीच चालली पाहिजे. कोनदुभाजक या नियमांत सहज बसतो, म्हणून त्रिभाजकही बसेल असे वाटणे स्वाभाविक आहे.

सर्वांत जास्त दिसणारी कृती जीवेची. शिरोबिंदू केंद्र धरून कंस काढा, तो भुजांना जिथे छेदतो ते बिंदू जोडा, त्या जीवेचे तीन समान भाग करा (हे पट्टी-कंपासने खरोखर करता येते) आणि भागबिंदू शिरोबिंदूला जोडा. जीवेचे भाग समान, म्हणून कोनही समान, असा तर्क. 30 अंशांच्या कोनावर ही कृती 9.90, 10.21 आणि 9.90 अंश देते. कोनमापकावर हा फरक दिसणार नाही. 60 अंशांवर 19.11, 21.79, 19.11 मिळतात, आणि इथे काळजीपूर्वक पाहणाऱ्याला शंका यायला हवी. 90 वर 26.57, 36.87, 26.57. कोन 120 केला की सगळे उघडे पडते: मधला भाग 60 आणि कडेचे 30-30. हे मोजायचीही गरज नाही, कारण तिथे मधला त्रिकोण समभुज असल्याचे शाळेतल्या भूमितीने सिद्ध होते. दावा लहान कोनावर तपासू नये ते यासाठीच. 120 किंवा 150 अंशांवर कृती चालवून पाहा, निम्मे दावे तिथेच संपतात.

उरलेले जास्त चलाख असतात. कोनाचा चौथा भाग दुभाजकाने मिळतो. त्यात सोळावा, चौसष्टावा, दोनशेछप्पन्नावा भाग मिळवत गेलो की बेरीज एक तृतीयांशाकडे जाते. 60 अंशांवर 15, मग 18.75, मग 19.69, आणि चौथ्या पायरीला 19.92 अंश. उरलेली चूक 0.08 अंशांहून कमी आहे. 10 सेंमी त्रिज्येच्या कंसावर ती जेमतेम 0.14 मिमी भरते, तर साध्या पेन्सिलची रेघच अर्धा मिमी जाड असते. ती जाडी एवढ्याच त्रिज्येवर पाव अंशाहून जास्त कोन खाते! म्हणजे कागदावरची आकृती इथे साक्षीदार म्हणून कुचकामी आहे. ही कृती चुकीची नाही, अपुरी आहे: तंतोतंत तिसरा भाग यायला पायऱ्या अनंत लागतात.

म्हणून तपासणी जिओजेब्रासारख्या भूमितीच्या आकृत्या काढणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर करावी. तिथेही एक फसगत आहे. आकडे सुरुवातीला दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसतात, त्यामुळे 19.998 अंश असले तरी पडद्यावर 20 उमटते. सेटिंग्जमध्ये जाऊन राउंडिंग किमान दहा दशांश स्थळांवर न्या, मग कोनाची भुजा माउसने फिरवा. एका जरी कोनाला दहाही स्थळे जुळली नाहीत, तर दावा संपला.

आणि समजा, सगळी स्थळे जुळली तर? अशा कृतीत बहुधा पट्टीचा नियम कुठेतरी मोडलेला असतो. ‘दोन्ही खुणा जुळेपर्यंत पट्टी सरकवा’ असे वाक्य आले की ओळखावे. ही युक्ती आर्किमिडीजच्या नावाने चालत आली आहे आणि ती पूर्ण अचूक आहे. कोन अ म ब घ्या. म केंद्र धरून अ आणि ब मधून जाणारे वर्तुळ काढा आणि अ-म ही रेषा म च्या पलीकडे वाढवा. पट्टीवर त्रिज्येएवढ्या अंतरावर दोन खुणा करा. आता पट्टी ब मधून जाऊ द्या आणि अशी सरकवा की एक खूण वर्तुळावर (क) आणि दुसरी वाढवलेल्या रेषेवर (ड) येईल, क हा ड आणि ब यांच्या मध्ये. ड पाशी होणारा कोन मूळ कोनाचा तिसरा भाग असतो. कारण कड आणि कम या दोन्ही लांबी त्रिज्येएवढ्या, म्हणून कोन ड आणि कोन क म ड समान. त्याला ‘थ’ म्हणू. क पाशी बाह्यकोन 2थ. मक आणि मब समान, म्हणून ब पाशीही 2थ. आणि त्रिकोण ड म ब चा बाह्यकोन अ म ब म्हणजे थ + 2थ. दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशी ही सिद्धता आहे, आणि मला ती कुठल्याही फसव्या आकृतीपेक्षा सुंदर वाटते. फक्त खुणा केलेली पट्टी सरकवणे हे वेगळे साधन झाले. कागदाच्या घड्या घालूनही लघुकोनाचे अचूक त्रिभाजन होते. एका घडीत दोन बिंदू एकदमच दोन रेषांवर नेता येतात, त्याचा हा परिणाम.

मग साध्या पट्टी-कंपासने का नाही? कारण त्या साधनांनी नवी लांबी मिळते ती बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांतूनच. अशी लांबी परिमेय सहगुणकांच्या ज्या सर्वांत कमी कोटीच्या (कोटी म्हणजे समीकरणातला सर्वांत मोठा घातांक) समीकरणात बसते, त्याची कोटी 1, 2, 4, 8 अशीच येते. 60 अंशांचा तिसरा भाग म्हणजे 20 अंश. 20 अंशाच्या कोसाइनची दुप्पट (सुमारे 1.8794) हिला क्ष म्हटले तर क्ष³ − 3क्ष − 1 = 0. याचे परिमेय मूळ असलेच तर ते 1 किंवा −1 असू शकते. किंमत ठेवली की −3 आणि 1 येतात, शून्य येत नाही. म्हणजे हे समीकरण फुटत नाही, कोटी 3 राहते, आणि 3 त्या यादीत नाही. 1837 मध्ये फ्रेंच गणिती पिएर वान्त्झेल यांनी हे सिद्ध केले. (पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मात्र असले दावे तपासणे 1775 मध्येच बंद केले होते, सिद्धतेच्या 62 वर्षे आधी!)

‘अजून कोणाला सापडले नाही, म्हणून अशक्य म्हणता’ हा आक्षेप हमखास येतो. सम संख्या कितीही मिळवल्या तरी विषम बेरीज येत नाही. कोणी शोधायला कमी पडले म्हणून नव्हे. इथेही तोच प्रकार आहे. काही कोनांचे त्रिभाजन होते हेही खरे: पूर्ण अंशांत मोजलेला कोन 9 च्या पटीत असेल, म्हणजे 45, 72, 90, 135, तर त्याचा तिसरा भाग काढता येतो. पण 60 वर अडलेली एक कृती ‘सर्व कोनांसाठी’ या दाव्याला पुरून उरते.

हौशी माणसाने प्रश्न विचारूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 हा स्थिरांक (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की, सगळे अंक सारखे नसतील तर, शेवटी येणारी संख्या) जगभर गेला. कॅलिफोर्नियातल्या मार्जोरी राइस या गृहिणीने 1970 च्या दशकात फरशीसारख्या बसणाऱ्या पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. सिद्ध झालेल्या अशक्यतेशी झुंजण्यापेक्षा उघडा, म्हणजे अजून न सुटलेला प्रश्न धरला, एवढाच फरक. असा एक प्रश्न आजही आहे: प्रतलातल्या प्रत्येक बिंदूला रंग द्यायचा, पण बरोबर 1 एकक अंतरावरचे दोन बिंदू एका रंगाचे नकोत. किमान किती रंग लागतील? सात बिंदूंच्या आकृतीवरून 4 तरी लागतात हे कळते, आणि षटकोनी जाळीने 7 पुरतात. 2018 मध्ये वार्धक्यावर काम करणारे ऑब्रे डी ग्रे यांनी 1581 बिंदूंचा आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची आकृती) मांडून 4 पुरत नाहीत हे दाखवले. आता उत्तर 5, 6 किंवा 7 यांपैकी एक आहे. कोणते, ते ठरायचे आहे.