‘टर्बो कॅम’चा नियम आला कुठून?

टर्बो इंजिनासाठी कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, निवडायचा म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो: इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या फुगवट्यांमधला) कोन मोठा ठेवा, ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) कमी ठेवा, एक्झॉस्टचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, अंशांत) इनटेकपेक्षा आखूड घ्या. सल्ला खोटा नाही. मात्र तो ज्या टर्बाइनांच्या अनुभवातून तयार झाला त्या टर्बाइन आज फारसे कोणी बसवत नाही, आणि ही बाब सल्ल्यासोबत क्वचितच सांगितली जाते.

टर्बोचार्जरच्या, म्हणजे इंजिनाच्याच धुराने टर्बाइन फिरवून आत जास्त हवा दाबण्याच्या, कल्पनेचे पेटंट १९०५ सालचे. मोठी डिझेल इंजिने आणि विमाने यांच्या वाटेने तो प्रवासी मोटारीत यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या एका टर्बो गाडीचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते गुणोत्तर) १०.२५:१ होते आणि नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी आपोआप पेटणे) आवरण्यासाठी तिला वेगळ्या टाकीतून पाणी व मिथेनॉलचे मिश्रण द्यावे लागे. १९७३-७४ मधल्या जर्मन टर्बो गाड्यांनी कॉम्प्रेशनच ७:१ च्या खाली आणून तो प्रश्न मिटवला. कॅमचा विचार तेव्हा झाला तो प्रामुख्याने सावधगिरीचा, आणि आजचा नियम त्या सावधगिरीचाच वारसा आहे.

सावध राहण्याला कारणही होते. सुरुवातीच्या काळात बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, लवकर मिळावा म्हणून टर्बाइन लहान ठेवली जाई, त्यामुळे जास्त आरपीएमला टर्बाइनच्या अलीकडे धूर तुंबत असे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये बूस्ट १ बार आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये गेजवर २ बार, अशी स्थिती असताना दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले, तर ताजी हवा आत येण्याऐवजी जळालेला तप्त वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो. सिलिंडर आधीच गरम वायूने भरतो आणि नॉकिंग सुरू होते. चार सिलिंडरच्या इंजिनात यात आणखी एक भर पडे. १-३-४-२ या पेटण्याच्या क्रमात पहिल्या सिलिंडरचा ओव्हरलॅप चालू असतानाच तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि सामाईक मॅनिफोल्ड असेल तर तिसऱ्याच्या धुराचा पहिला जोरदार फटका थेट पहिल्या सिलिंडरवर बसतो. एक्झॉस्टचे ड्युरेशन आखूड करणे हा त्यावरचा स्वस्त उपाय होता. १-४ आणि २-३ यांचे मार्ग टर्बाइनपर्यंत वेगळे नेणारी ट्विन-स्क्रोल रचना हा महाग उपाय.

मात्र या नियमातला ‘ओव्हरलॅप’ म्हणजे नेमका कोणता आकडा, इथे खरा घोळ आहे. एक कॅम घेऊ: दोन्ही बाजूंचे ड्युरेशन २७० अंश, लोबमधला कोन ११४ अंश. दोन्ही ड्युरेशनच्या सरासरीतून त्या कोनाची दुप्पट, म्हणजे २२८, वजा केली की ओव्हरलॅप ४२ अंश येतो. पण हे २७० अंश टॅपेट (लोब आणि व्हॉल्व्ह यांमधला भाग) जेमतेम ०.१५ मिमी उचलल्यापासून मोजलेले आहेत. तोच लोब १.२७ मिमी, म्हणजे इंचाच्या पन्नास सहस्रांश, उचलीला मोजला तर ड्युरेशन २२० अंश भरते आणि ओव्हरलॅप उणे ८ अंश होतो. लोखंडाचा तुकडा एकच. एका कॅटलॉगनुसार त्यात भरपूर ओव्हरलॅप आहे, दुसऱ्यानुसार मुळीच नाही. तिसरा उत्पादक १ मिमीला मोजतो. ‘टर्बोला ओव्हरलॅप नको’ या विषयावरचे निम्मे वाद या तीन मापांतल्या फरकाचे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोनाची गोष्टही तशीच. तो कॅमच्या अंशांत सांगितला जातो, बाकी सारे आकडे क्रँकच्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा होतो, म्हणूनच वजाबाकीत तो दुप्पट करावा लागतो. एकाच शाफ्टवर दोन्ही लोब असतील तर हा कोन घडणावळीतच कायम होतो. पण इनटेक आणि एक्झॉस्टचे शाफ्ट वेगळे असलेल्या इंजिनात तो लोबच्या आकाराचा गुण उरतच नाही. लांबट भोकांच्या पुलीवर इनटेक क्रँकच्या ४ अंशांनी मागे आणि एक्झॉस्ट ४ अंशांनी पुढे सरकवला की ११० चा कोन ११४ होतो आणि २७० अंशांच्या त्याच लोबांचा ओव्हरलॅप ५० वरून ४२ वर येतो. अशा इंजिनासाठी ‘११४ चा टर्बो कॅम’ विकणे म्हणजे पुलीची जुळणी शाफ्टच्या नावावर विकणे होय.

टर्बाइन हाउसिंगे मोठी आणि कार्यक्षम होत गेली तसे टर्बाइनपूर्व दाब आणि बूस्ट या दोन दाबांचे गुणोत्तर एकाजवळ आले, काही जुळण्यांत त्याखालीही गेले. गेजवर बूस्ट १ बार आणि टर्बाइनपूर्व दाब ०.८ बार असेल तर ओव्हरलॅपमध्ये वायू योग्य दिशेने वाहतो आणि सिलिंडर धुऊन निघतो. पोर्टमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनात त्या हवेबरोबर पेट्रोलही एक्झॉस्टमध्ये जाई, म्हणून उत्पादकांनी हात आखडता ठेवला. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडण्याची पद्धत रुळल्यावर ती अडचण सरली: व्हॉल्व्ह बंद झाल्यावर इंधन सोडायचे, तोवर नुसती हवा जाऊ द्यायची. चालू इंजिनात कॅमचा कोन बदलणाऱ्या फेझरमुळे कमी आरपीएमला मोठा ओव्हरलॅप आणि वर लहान, असे दोन्ही एकाच शाफ्टकडून मिळू लागले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या एका जर्मन १.५ लिटर पेट्रोल इंजिनात तर इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम लवकर बंद करून, टर्बो असतानाही, १२.५:१ कॉम्प्रेशन वापरले गेले. १९७३ च्या टर्बो गाडीतल्या ६.९:१ शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

बाहेरून कॅम घेणाऱ्याला फेझरची सोय नसेल तर टर्बाइनपूर्व दाब स्वतः मोजण्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला छिद्र पाडून, हातभर तांब्याची नळी जोडून, तिच्या थंड टोकाला गेज लावणे हाच भरवशाचा मार्ग राहतो. लिफ्ट (व्हॉल्व्हची उचल) वाढवण्याच्या नादात व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगकडे दुर्लक्ष होते, तेही याच टप्प्यावर तपासावे: ३४ मिमी व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर १ बार बूस्ट सुमारे ९० न्यूटनचा जोर टाकतो आणि व्हॉल्व्ह बंद असताना तो स्प्रिंगच्या ताणातून थेट वजा होतो.