दूरचित्रवाणीचे डिजिटलीकरण (सोलापूर)

केबलवरील वाहिन्या अ‍ॅनालॉगऐवजी डिजिटल संकेतांनी, सेट टॉप बॉक्समार्फतच घरात पोचवण्याची सक्ती म्हणजे डिजिटलीकरण. केबल टीव्ही कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने ती टप्प्याटप्प्याने आली. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूर होते. मुदत ३१ मार्च २०१३.

जुन्या तारेत जेमतेम शंभरेक वाहिन्या मावत. त्यामुळे वाहिन्यांना वहनशुल्क मोजून जागा मिळवावी लागे, आणि पैसा नसलेली वाहिनी बाहेरच राही. डिजिटल तारेत शेकडो वाहिन्या मावू लागल्या, हा मोठाच लाभ. मात्र बॉक्स चालू-बंद करण्याची किल्ली गल्लीतल्या केबलवाल्याकडून मोठ्या वितरकाच्या नियंत्रण कक्षात गेली. वाहिनी कोणत्या क्रमांकावर दिसेल, कोणत्या पॅकमध्ये बसेल, हेही तिथे ठरू लागले. यादीत फार मागे ढकललेली वृत्तवाहिनी कागदोपत्री चालू असते, पण रिमोट तिथवर क्वचितच जातो. माध्यमस्वातंत्र्य तपासायचे तर ही यादी आधी पाहावी.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घरोघरी बोलली जाते. पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना समोर तेलुगू मालिका चालू असते. त्याच घरातल्या मुलांना मराठी वाहिनी हवी असते. फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या दरपद्धतीने वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला दिला. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांना महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती, सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. दोन भाषांच्या घराला हा हक्क महाग पडतो.

लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गावातली केबल वाहिनी. उजनी धरणाचे पाणी कोणत्या भागात कधी सुटणार, महापालिकेच्या सभेत कोणत्या नगरसेवकाने काय विचारले, हे मुंबईची वाहिनी सांगत नाही. केंद्राच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वाहिनीची नोंदणी हजार रुपयांत होते आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन जादा वाहिन्यांची मुभा आहे. पण स्थानिक बातम्या देणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेलीच हवी. एका कॅमेऱ्यावर काम रेटणाऱ्या वार्ताहराला ही अट जड आहे.

केबलचे बिल परवडेनासे झालेले घर दूरदर्शनच्या फ्री डिशकडे वळते. तिथे महिन्याचे पैसे लागत नाहीत. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात. त्या छत्रीवर गावातली केबल वाहिनी येत नाही. पाण्याची पाळी मग शेजाऱ्याला विचारावी लागते.