वीस मजली जहाज कलंडत का नाही?

'आयकॉन ऑफ द सीज'चे फोटो फिरू लागले की एक शेरा हमखास येतो: पाण्याखाली जेमतेम ९ मीटर आणि वर एवढा डोंगर, पहिल्याच वादळात आडवं होणार! फिनलंडमधल्या तुर्कूला बांधलेलं हे २० मजली जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. सात जलतरण तलाव, सहा वॉटर स्लाइड, नाट्यगृह, बर्फावरचं स्केटिंग, सगळं आत. बातम्यांमध्ये '२,४८,६६३ टन' छापतात, पण ते वजन नव्हे. ग्रॉस टनेज हे बंदिस्त जागेचं माप आहे. वजनदार इंजिनं आणि टाक्या तळाशी असतात, वर बरीचशी पोकळी.

तरीही अशा जहाजांचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू, पाण्याच्या पातळीच्या वरच असतो. मग सावरतं कोण? रुंदी!

जहाज उजवीकडे कललं की उजवी बाजू जास्त बुडते, डावी वर येते. साहजिकच बुडालेल्या भागाचा मध्य, म्हणजे प्लावनमध्य, उजवीकडे सरकतो, आणि पाण्याचं वर ढकलणारं उत्प्लावक बल तिथून वर रेटतं. त्या बिंदूतून उभी रेघ काढा. ती जहाजाच्या मध्यरेषेला छेदते तो मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली आहे तोवर जहाज पुन्हा सरळ होतं. मेटासेंटरची प्लावनमध्यापासूनची उंची म्हणजे पाणरेषेवरच्या छेदाचं जडत्व-आघूर्ण (तो छेद मध्यरेषेपासून किती दूरवर पसरलाय याचं माप) भागिले बुडालेलं आकारमान, आणि त्या आघूर्णात रुंदीचा घन येतो. आयकॉनची पाणरेषेवरची रुंदी सुमारे ४८ मीटर आहे. तिचा घन करून पाहा.

मला सर्वांत आवडतं ते पुढचं. हाच घन तलावात जहाजाच्या विरोधात जातो. जहाज कललं की तलावातलं पाणीही खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. हा परिणाम तलावाच्या रुंदीच्या घनाने वाढतो. मध्ये जहाजाच्या लांबीच्या दिशेने एक भिंत घालून दोन सारखे भाग केले, तर तो चौथाईवर येतो! एका आडव्यातिडव्या पसरलेल्या तलावापेक्षा लहान लहान तलाव बरे, त्याचं हे एक कारण. समुद्र फार खवळला तर तलाव रिकामेही करतात.

अनेक क्रूझ जहाजांवर १२ नंतर थेट १४वा मजला येतो. तेराचा आकडा गाळल्याने गुरुत्वमध्य तसूभरही हलत नाही; तेरा अशुभ मानला जातो, एवढंच.

मेटासेंटर फार उंच असणंही वाईटच. मग जहाज झटक्यानिशी सरळ होतं आणि माणसं पडतात. म्हणून उंची बेताची ठेवतात, आणि उरलेलं डोलणं पाण्याखाली बाजूंना बसवलेले पंख कमी करतात.