टायर मोठे टाकलेत? मग काट्याच्या आधी ओडोमीटर बघा

गाडीला कंपनीने दिलेल्या साइजपेक्षा थोडे मोठे टायर टाकले की पहिल्याच लांबच्या ड्राइव्हला एक प्रश्न पडतोच. मीटरचा काटा सांगतोय एक आणि मोबाइलवरचं जीपीएस सांगतंय दुसरं, मग खरं कोण? बहुतेक लोक जीपीएस खरं धरतात, ते बरोबरही आहे, पण त्यानंतर काटा जीपीएसला जुळवायच्या मागे लागतात आणि माझ्या मते चूक तिथेच होते. का ते नीट समजून घ्यायचं तर आधी स्पीडोमीटर नक्की मोजतो काय हे बघायला लागेल.

स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे (किंवा गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचे) फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हा आकडा कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, फेरे गुणिले तो आकडा, झाला स्पीड. पावलं टाकून जमीन मोजणाऱ्या माणसासारखं आहे हे, पाऊल केवढं हे त्याने मनाशी पक्कं धरलेलं असतं आणि पाऊल लांब पडायला लागलं तरी तो मोजणार पावलंच, म्हणजे जमीन खरी आहे त्यापेक्षा कमी भरणार. टायर मोठा झाला की अगदी हेच होतं. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, मीटर मात्र जुनाच हिशोब लावतो, त्यामुळे स्पीड पण कमी दाखवतो आणि किलोमीटर पण कमी मोजतो. टायर लहान टाकले तर सगळं उलटं.

जुन्या गाड्यांमध्ये हे काम पूर्ण मेकॅनिकल होतं आणि खरं सांगायचं तर फार सुंदर होतं. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गिअरबॉक्समधून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याला लागूनच ॲल्युमिनियमची एक वाटी असते पण दोघं एकमेकांना टेकलेले नसतात. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह (धातूत गोल गोल फिरणारी वीज) तयार होतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचत असते, दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे वाटीला जोडलेला काटा थांबतो. ना बॅटरी, ना सर्किट. आणि त्याच केबलवरून गिअरच्या साखळीने ओडोमीटरचे, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणारे, आकडे फिरतात, म्हणजे अंतर मोजायला चुंबक आणि स्प्रिंगची गरजच नाही, ते थेट दातांचं गणित. काटा आणि ओडोमीटर एकाच केबलवर चालत असले तरी काट्याची चूक वेगळी आणि ओडोमीटरची वेगळी असू शकते, हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

आता टायरवरचा नंबर. समजा १८५/६५ आर१५ लिहिलंय. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. साइडवॉल १८५ च्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, ती वर एकदा आणि खाली एकदा धरायची म्हणून २४०.५, त्यात रिमचे १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१ मिळवले की टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिमी. त्याच रिमवर २०५/६५ टाकला तर व्यास ६४७.५ होतो. दोघांचा भागाकार केला तर १.०४१८, म्हणजे नवीन टायर ४.२ टक्के मोठा. काटा जुन्या टायरवर अगदी अचूक होता असं धरलं तर आता तो १०० दाखवत असताना गाडी १०४ च्या वर पळतेय. टक्केवारी सगळीकडे तीच राहते म्हणून ४० च्या स्पीडला फरक पावणेदोनच्याही आत असतो, कोणाला कळतही नाही, आणि १२० ला तोच पाचचा होतो.

इथे एक गैरसमज फार दिसतो की मोठा रिम टाकला म्हणजे मीटर बिघडणार. रिमचा यात थेट संबंध नाही, संबंध आहे टायरच्या बाहेरच्या व्यासाशी. १८५/६५ आर१५ काढून १९५/५५ आर१६ टाकला तर व्यास येतो ६२०.९ मिमी, म्हणजे जुन्यापेक्षा जेमतेम ०.१ टक्का कमी. रिम एक इंचाने मोठा झाला, साइडवॉल तेवढी बारीक झाली, मीटरला पत्ताही लागत नाही. उलट रिम तोच ठेवून फक्त उंच साइडवॉलचा टायर टाकला की सगळं गणित हलतं. मोठ्या एसयूव्हीत तर फरक चांगलाच जाणवण्याइतका होतो, २६५/६५ आर१७ च्या जागी २८५/७० आर१७ टाकला तर थेट ७ टक्के.

हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात टायरवर गाडीचं वजन येतं, जमिनीला टेकतो तिथे तो चपटा होतो, आणि एका फेऱ्यात कापलेलं अंतर कागदावरच्या परिघापेक्षा साधारण ३ टक्के कमी भरतं. पण जुना आणि नवा टायर दोन्ही जवळपास तेवढेच कमी भरतात म्हणून दोघांचं गुणोत्तर फारसं बदलत नाही, आणि आपल्याला गरज त्या गुणोत्तराचीच आहे.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. नवीन गाडीचा काटा मुळातच अचूक नसतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठी रेग्युलेशन ३९ म्हणून नियम आहे, अनेक देश तो पाळतात, त्यात म्हटलंय की मीटरने दाखवलेला स्पीड खऱ्या स्पीडपेक्षा कधीच कमी असता कामा नये, आणि जास्त असला तर खऱ्या स्पीडच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकाच असावा. म्हणजे गाडी खरंच ८० ने चालली असेल तर काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही चालेल, पण ७९ चालणार नाही. टायरची झीज, हवा, सेन्सरचा थोडाफार फरक हे सगळं धरूनही कमी दाखवायचं नाही म्हटल्यावर कंपन्या काटा थोडा वरच ठेवतात. ओडोमीटरला मात्र असा वरचा कल दिलेला नसतो, तो बहुतेक गाड्यांमध्ये खऱ्याच्या बराच जवळ असतो.

मग बघा काय होतं. समजा गाडीचा काटा मुळात ५ टक्के जास्त दाखवायचा, खऱ्या १०० ला १०५. त्यात आपण ४.२ टक्के मोठे टायर टाकले. आता खऱ्या १०० ला चाकाचे फेरे कमी होतात आणि काटा येतो १०१ च्या जवळ. जीपीएस लावलं, १००. मालक खूश, म्हणतो मीटर तर आधीपेक्षा जास्त अचूक झाला, काहीच करायची गरज नाही! पण ओडोमीटर, जो आधी बरोबर होता, तो आता १०० किलोमीटरला ९६ मोजतोय. खरे १०,००० किलोमीटर झाले की आकडा ९,६०० दिसणार, ऑइल बदलायला उशीर होणार, आणि ॲव्हरेज खरं १५ असेल तर हिशोबात १४.४ येणार. मग माणूस म्हणतो मोठ्या टायरने ॲव्हरेज पाडलं. थोडं पडतंही, टायर जड आणि रुंद असतात, पण किती खरंच पडलं आणि किती नुसतं मोजण्यात हरवलं हे मीटर दुरुस्त केल्याशिवाय कळतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की दुरुस्ती ओडोमीटरला धरून करावी. ओडोमीटर खरा झाला की काटा आपोआप त्याच्या मूळच्या जागी, म्हणजे थोडा वर, जाऊन बसतो आणि तो तिथेच असू द्यावा, ती सुरक्षिततेची जागा आहे. काटा जीपीएसला तंतोतंत जुळवायच्या नादात ती जागा आपण स्वतःच खाऊन टाकतो. ७ टक्के मोठ्या टायरवर तर काही न करता गाडी चालवणं मला अजिबात पटत नाही, कारण कंपनीचा कल २-३ टक्क्यांचाच असेल तर काटा १०० वर असताना गाडी १०४-१०५ ने जात असते, आणि धडकण्या-थांबण्याचं गणित स्पीडच्या वर्गावर चालतं, स्पीड ७ टक्के वाढला की ऊर्जा साडेचौदा टक्के वाढते.

ओडोमीटर तपासायचा कसा? हायवेवरचे किलोमीटरचे दगड बघायचे. एका दगडापाशी ट्रिप मीटर (ओडोमीटरसोबतचा, हवा तेव्हा शून्य करता येणारा मीटर) शून्य करायचा आणि निदान २० किलोमीटर पुढच्या दगडापर्यंत जायचं, एक-दोन किलोमीटरवर भागवायचं नाही कारण ट्रिप मीटर ०.१ किलोमीटरच दाखवतो, एका किलोमीटरवर ती १० टक्क्यांची शंका झाली आणि २० वर अर्ध्या टक्क्याची. २० खरे आणि मीटरवर १९.२ आले तर २० भागिले १९.२, म्हणजे १.०४२. टायरच्या नंबरवरून काढलेल्या गुणोत्तराशी जुळलं की नाही हे पण तपासून होतं, नसेल जुळलं तर जुन्या टायरवरही मीटर थोडा चुकतच असणार. जीपीएसचा स्पीड बघायचा असेल तर सपाट सरळ रस्त्यावर एकाच स्पीडने गाडी धरून बघा, कारण आकडा जरा उशिरा येतो आणि बोगद्यात भरवशाचा नसतो. तो उपग्रहाच्या सिग्नलच्या डॉप्लर बदलावरून काढलेला असतो म्हणून टायरशी त्याचं काही देणंघेणं नाही. बघायचं काम मात्र शेजारी बसलेल्याने करायचं.

दुरुस्ती गाडीच्या वयावर अवलंबून आहे. केबलवाल्या गाडीत गिअरबॉक्समध्ये केबलच्या टोकाला एक छोटा प्लास्टिकचा गिअर असतो, तो बदलायचा. टायर मोठा झाला तर केबल जास्त फिरायला हवी म्हणून कमी दातांचा गिअर लागतो, २० च्या जागी १९ दाती टाकला की केबल ५.३ टक्के जास्त फिरते. आपल्याला हवे होते ४.२, पण त्यासाठी लागणारा १९.२ दातांचा गिअर काही मिळत नाही, मग मीटर टक्काभर जास्त मोजेल, तेवढं चालतं.

त्यानंतरच्या गाड्यांत केबल जाऊन सेन्सर आला जो दर किलोमीटरला ठराविक पल्स (विजेचे ठोके) पाठवतो. जपानी मानकात केबलचे किलोमीटरला ६३७ फेरे धरलेत आणि फेऱ्याला ४ पल्स म्हणजे २,५४८. टायर ४.२ टक्के मोठा झाला की प्रत्यक्षात साधारण २,४४६ च येतात, आणि सेन्सर व मीटरच्या मध्ये एक छोटं कॅलिब्रेटर बसवून ते पुन्हा २,५४८ करता येतात. आजच्या गाड्यांत तर एबीएसचे (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर प्रत्येक चाकाचे फेरे मोजतात आणि टायरचा परीघ कंट्रोल युनिटमध्ये आकडा म्हणून साठवलेला असतो, ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला) डायग्नोस्टिक टूल लावून बऱ्याच मॉडेल्समध्ये तो बदलता येतो. हा रस्ता उपलब्ध असेल तर हाच निवडा. कारण स्पीडचा तोच आकडा ऑटोमॅटिक गिअर कधी बदलायचा, क्रूझ कंट्रोलने किती धरायचं, स्पीड लिमिटरने कुठे अडवायचं हे सगळं ठरवतो, नुसत्या मीटरच्या तोंडाशी दुरुस्ती केली तर बाकीची यंत्रणा जुन्याच टायरच्या भरवशावर राहते.

दुरुस्ती केली त्या दिवशीचा ओडोमीटरचा आकडा सर्व्हिस बुकात लिहून ठेवा, आधी कमी मोजले गेलेले किलोमीटर परत येत नाहीत आणि आकडा पुढे-मागे करायचा तर विचारही नको, पुढची मोजणी बरोबर होणं एवढंच या कामात अपेक्षित आहे. चारही टायर एकाच साइजचे हवेत हे वेगळं सांगायला नको, एबीएस चाकांची एकमेकांशी तुलना करत असतो, आणि ज्या गाडीत हवा कमी झाल्याची सूचना चाकांच्या फेऱ्यांवरून काढली जाते तिथे नवीन टायर टाकल्यावर ती सिस्टीम रीसेट करावी लागते. आणि २० किलोमीटरची चाचणी नवे टायर टाकल्यावर आणि पुढे ते झिजत आल्यावरही करून बघा, ८ मिमीचा ट्रेड (टायरवरच्या नक्षीची खोली) १.६ मिमीवर आला की व्यास कागदावर २ टक्क्यांनी कमी होतो, रस्त्यावर त्याहून जरा कमी फरक पडतो, पण दुरुस्ती केलेला आकडा तेवढा सरकलेला असतो.