बोटीच्या इंजिनाचे जलशीतन : बिघाड व निदान

बोटीच्या इंजिनाभोवती खेळवलेल्या पाण्याचा प्रवाह अडणे, मंदावणे, त्यात हवा शिरणे किंवा त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटणे या दोषांचा शोध घेण्याची व ते दूर करण्याची पद्धत. जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने पाव ते एक-तृतीयांश भाग या पाण्यावाटे बाहेर पडतो. त्यामुळे प्रवाह तुटला की थोड्याच वेळात हेड गॅस्केट (सिलिंडर व त्याचे हेड यांमधील सांधा बंद ठेवणारी चकती) जळणे, सिलिंडर हेड वाकणे आणि अखेरीस पिस्टन धरणे (सिलिंडरमध्ये अडकून बसणे) हे प्रकार ओळीने घडू शकतात.

खानदेशाला समुद्र नसला, तरी हा विषय येथे जिव्हाळ्याचा आहे. सरदार सरोवराच्या पाणफुगवट्याने नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. सातपुड्याच्या उतारांवरील नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना बाजार, शाळा आणि दवाखाना गाठण्यासाठी बोटीचाच आधार आहे. तरंगते दवाखाने आणि बोट-रुग्णवाहिका याच पाण्यावर चालतात; तेथे इंजिन तापून बंद पडणे म्हणजे एखाद्या बाळंतिणीला उपचार मिळण्यास उशीर होणे. तापीवर हतनूर धरण, सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेजेस आणि नंदुरबार-नवापूरकडे पसरलेला उकाईचा फुगवटा यांमुळेही मोठे जलाशय निर्माण झाले आहेत.

उत्पादकांच्या पुस्तिकांत खाऱ्या पाण्याने होणाऱ्या गंजाला मोठे स्थान असते. खानदेशातील गोड्या पाण्यात त्या गंजाचे भय फारसे नसून खरा शत्रू गाळ हा आहे. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून व डोंगरउतारांवरून येणारा गढूळ लोंढा पंपाची झीज करतो. जलाशय उतरू लागला की काठाचा चिखल, बुडालेल्या झाडांची खोडे आणि कुजका पाला पाण्याच्या वरच्या थरात येतो आणि बोट काठाला लावताना तो थेट पाणी ओढण्याच्या तोंडाशी जातो. म्हणूनच येथे इंजिन तापल्याची तक्रार आली की प्रथम इंजिन न उघडता पाण्याची वाट नदीपासून पुढे तपासत जावे. दोष बहुधा ओढीच्या बाजूला, म्हणजे पंपाच्या अलीकडे किंवा खुद्द पंपात सापडतो.

रचनेचे प्रमुख प्रकार तीन आहेत. बाहेर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनात बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळच्या जाळीतून ओढलेले नदीचे पाणी थेट इंजिनात फिरून बाहेर पडते. आतल्या मोठ्या डिझेल इंजिनात बहुधा दोन पाणी असतात : इंजिनात कूलंटचे (शीतनासाठी भरलेल्या द्रवाचे) बंद चक्र फिरते आणि नदीचे पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये त्याची उष्णता घेऊन धुराच्या नळीतून बाहेर जाते. लहान होड्यांवर शेतीपंपाच्या धाटणीचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिनही बसवले जाते. त्यातील टाकीचे पाणी उकळून वाफ होणे हा दोष नसून ती शीतनाची रीतच आहे, मात्र पाण्याची पातळी सतत राखावी लागते.

तपासणीची पहिली जागा म्हणजे पाणी बाहेर पडण्याचे ठिकाण. आउटबोर्डच्या मागून सुटणारी पाण्याची बारीक धार पंप चालू असल्याची खूण होय. धार बंद दिसली तरी पंप निकामीच झाला असे नव्हे : उभ्या बोटीच्या त्या भोकात कुंभारीण माशी चिखलाचे घर करते आणि ते बारीक तारेने मोकळे होते. उलटपक्षी, धार जोरदार असूनही इंजिन तापू शकते, कारण काही इंजिनांत हे पाणी थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडून पाणी पुढे सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडूनच फुटते. आतल्या इंजिनात धुराच्या नळीतून पाण्याचे नेहमीचे उसासे येत नसतील आणि पांढरी वाफ निघत असेल, तर नदीचे पाणी कमी पडते आहे.

त्यानंतर ओढीची बाजू पाहावी. गाळणी पाण्याच्या पातळीखाली असल्यास इंजिन बंद करून तिचे झाकण काढावे आणि बोटीच्या तळाचा कॉक (नदीचे पाणी आत घेणारी तोटी) जपून किंचित उघडावा. पाणी उसळून वर आले तर तोंड मोकळे आहे. नुसते झिरपले तर जलपर्णी, प्लॅस्टिक किंवा चिखल अडकला आहे. आउटबोर्डच्या जाळीवर पिशवी बसली असल्यास वेग कमी करून क्षणभर रिव्हर्स दिल्याने ती बऱ्याचदा सुटते. गाळणीच्या झाकणाचे रबर सुकले किंवा होजची क्लिप सैल झाली, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. हा दोष फसवा असतो, कारण ओढीच्या नळीतून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि बाहेरून सारे कोरडे व ठाकठीक दिसते.

पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) हा या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग आहे. त्याला वंगण पाण्याचेच मिळत असल्याने कोरडा फिरल्यास तो एखाद्या मिनिटातही निकामी होऊ शकतो. तो काढल्यावर पाती मोजावीत : एक कमी भरले, तर तुटलेला तुकडा पुढे नळीत किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि तो काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवणे व्यर्थ आहे. पात्यांच्या मुळाशी चिरा पडल्या असल्या, किंवा ती एकाच दिशेला वाकून राहिली असली, तरी इम्पेलर बदलावा. पंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूवरून नख फिरवावे. गाळाने कोरलेली गोल चर नखाला जाणवली, तर नवा इम्पेलरही मंद वेगात पुरेसे पाणी उचलणार नाही. नवे झाकण मिळेपर्यंत, दोन्ही बाजू सपाट असल्यास, तेच उलटे करून काम भागवता येते. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावावे. खनिज तेलाने किंवा ग्रीसने रबर फुगते.

इंजिन मंद वेगात तापत असेल आणि वेग वाढवल्यावर निवत असेल, तर झिजलेल्या पंपाचा संशय घ्यावा. केवळ पूर्ण वेगात किंवा भरल्या बोटीत तापत असेल, तर अर्धवट तुंबलेली वाट, हीट एक्स्चेंजरमधील क्षाराचा थर, घसरणारा बेल्ट किंवा पंख्याला गुंडाळलेली दोरी तपासावी. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे ही हेड गॅस्केट गेल्याची, तर इंजिन ऑइल दुधाळ होणे ही त्यात पाणी मिसळल्याची खूण आहे, आणि असे इंजिन पुढे चालवू नये.

थर्मोस्टॅट अडकला की तो कायमचा काढून टाकण्याची सवय सर्रास आढळते. ती चुकीची आहे. डिझेल इंजिन थंड चालल्यास काजळी धरते, आणि ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (शीतन टाळून जाणारी आखूड) वाट बंद करतो, तेथे तो काढल्याने पाणी आखूड वाटेने फिरत राहून इंजिन अधिकच तापू शकते. परीक्षा सोपी आहे : थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात टांगून, तापमापक धरून पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडतो का ते पाहावे.

भर पाण्यात इंजिन तापल्यास प्रथम वेग उतरवावा. बाहेर पडणारे पाणी चालू असेल, तर इंजिन थोडा वेळ बिनभाराचे चालवून निववावे. पाणी पूर्ण थांबले असेल, तर बोट सुरक्षित बाजूला वळवून ते लगेच बंद करावे आणि प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून नांगर टाकावा. दाबाखालचे कूलंट 100° सेल्सिअसच्या वरही द्रवरूपात असते, त्यामुळे गरम टाकीचे झाकण उघडल्यास ते अंगावर उडून गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतल्यास ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. उन्हाळ्यात खानदेशातील हवेचे तापमान 45° सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने इंजिन निवण्यास अधिक वेळ द्यावा लागतो.

दुर्गम फुगवट्यातील बोटीवर इम्पेलर, त्याचे गॅस्केट, होज क्लिपा व बेल्ट यांचा जादा संच ठेवणे आवश्यक मानावे. बोट दीर्घकाळ उभी राहणार असल्यास इम्पेलर काढून ठेवावा, म्हणजे पाती वाकून बसत नाहीत, आणि इंजिनातून स्वच्छ पाणी फिरवून आतला गाळ सुकण्यापूर्वी धुऊन काढावा.